पावसाळ्याआधी स्नोबोर्डला वॅक्स

मुंबईत घरात स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावरून घसरत जायची फळी, आहे म्हटलं की लोक विचारतात चालवतोस कुठे, त्याचं उत्तर सोपंय, जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्गला. पण बाकीचे महिने ते धूड टिकवतोस कसं हे कोणी विचारत नाही, आणि खरी कटकट तीच आहे. वॅक्सिंगचे, म्हणजे बोर्डाच्या तळाला मेण लावायचे, व्हिडिओ बघाल तर बहुतेक थंड देशातल्या गॅरेजमधले, तिथली हवा कोरडी. आपल्याकडे जून लागला की डब्यातला पापड सादळतो. त्यामुळे माझं मत पक्कं झालंय, मुंबईकरासाठी वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं वॅक्स म्हणजे मे महिन्यातलं, बर्फात जायच्या आधीच्या वॅक्सचा नंबर त्याच्यानंतर.

कारण एज. बोर्डाच्या कडेने स्टीलची बारीक पट्टी असते, ती बर्फात रुतते म्हणून वळता येतं, थांबता येतं. आपल्या खाऱ्या दमट हवेत ती उघडी राहिली की तांबूस डाग धरलेच. वरवरचा गंज गमी स्टोनने, म्हणजे खोडरबरासारख्या त्या खरखरीत ठोकळ्याने, निघतो. पण खोल गेला तर फाईल, म्हणजे कानस, मारावी लागते आणि दर वेळी थोडं स्टील जातं, ते काही परत येत नाही. डायमंड फाईलसाठी नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारा, हत्यारांच्या दुकानांत काय वाट्टेल ते मिळतं, फक्त कशासाठी हवीय ते सांगत बसू नका.

आता बेस, म्हणजे बोर्डाची बर्फावर घसरणारी खालची बाजू. तो पॉलिथिलीन नावाच्या टणक प्लास्टिकचा असतो. स्वस्त बोर्डांचा एक्सट्रुडेड, म्हणजे प्लास्टिक वितळवून काढलेला, महागड्यांचा सिंटर्ड, म्हणजे भुकटी उष्णतेत दाबून केलेला. सिंटर्ड जास्त वॅक्स पितो आणि पळतो पण मस्त, मात्र उपाशी ठेवला तर लगेच रुसतो. एजच्या जवळ बेस पांढुरका, कोरडा दिसायला लागला की समजायचं, वॅक्स हवंय.

काम करायची पद्धत सांगतो. बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला अडकवायचे पट्टे, काढून टाका, काढायच्या आधी कुठल्या भोकात आणि किती अँगलला होती त्याचा फोटो मारून ठेवा. स्क्रू लावलेले असताना इस्त्री फिरवली तर त्या जागी बेसला खळगे पडू शकतात. दोन खुर्च्यांवर बोर्ड उलटा ठेवा, खाली पेपर अंथरा, नाहीतर टाइल्सवर मेण पडतं आणि दुसऱ्या दिवशी घरातलं कोणीतरी घसरतं. मागच्या सीझनची घाण नीट पुसून घ्या. मग इस्त्री. वॅक्सिंगची खास मिळते, नसेल तर जुनी साधी, वाफेच्या भोकांची नको, भोकांत मेण अडकतं. आणि एकदा इकडे वापरली की ती कपड्यांच्या कामाची राहिली नाही, हे घरी आधीच सांगून टाका!

वॅक्सच्या वेष्टनावर तापमान लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा 120 ते 150 अंशांच्या मध्ये. मेणातून धूर आला की इस्त्री जास्त तापली, कमी करा. थेंब थेंब टाकत नोजपासून टेलपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, जायचं, मग इस्त्री सतत सरकवत पसरवायचं, एका जागी थांबायचं नाही, बेस जळतो. इथे आपली खास मुंबईची गंमत सुरू होते, कारण पंखा लावला तर मेण पसरायच्या आतच थिजतं, आणि बंद केला तर मे महिन्यात कपाळावरचा घाम टपकन बेसवर पडतो, आणि तेवढ्यात आई आतून ओरडते, "अरे पंखा तरी लाव, मरशील!" मी डोक्याला पंचा बांधतो, खिडकी मात्र सताड उघडी ठेवतो, वास कोंडायला नको. फ्लोरिनवालं वॅक्स तर आणूच नका, त्यातली रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं नष्ट होत नाहीत, आणि 2023-24 च्या सीझनपासून एफआयएसने, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाने, स्पर्धांमध्येही ते बंद केलंय.

सीझनमधल्या वॅक्सिंगमध्ये मेण थंड झालं की प्लास्टिकच्या स्क्रेपरने जवळपास सगळं खरवडायचं आणि नायलॉनच्या ब्रशने घासायचं, वर दिसणारं मेण उलट वेग कमी करतं. पावसाळ्यासाठी मात्र खरवडायचंच नाही. जाड थर तसाच राहू द्या आणि मेण मुद्दाम एजवरही ओघळू द्या, तेच त्याचं रेनकोट. स्वस्त ऑल टेम्परेचर वॅक्स यासाठी पुरतं. एक मात्र बघा, एज आधी कोरडी ठणठणीत हवी, ओलाव्यावर मेण घातलं तर गंज आत बसून आरामात वाढतो.

बाइंडिंगचे स्क्रू सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात. बोर्ड दिवाणाखाली आडवा, बॅगेची चेन उघडी. गॅलरीत अजिबात नाही, तिथे दुपारी ऊन आणि रात्री पावसाची झड.

खरवडायचं काम गुलमर्गला निघायच्या आधी घरीच उरका, हॉटेलच्या खोलीत मेणाचा कचरा कोण साफ करणार. तिथली जानेवारीतली हवा कडक थंड असते, अशा बर्फाचे कण टोकदार आणि कठीण, मऊ वॅक्स त्यांनी लवकर खरवडून निघतं, म्हणून तेव्हा थंडीसाठीचं कडक वॅक्स लावा. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन वाढलं, बर्फ ओलसर झाला की ऑल टेम्परेचर चालतं. स्क्रेपर आणि वॅक्सची वडी चेक-इनच्या बॅगेत टाका, सिक्युरिटीला ते काय आहे हे समजावण्यात फ्लाइट चुकवू नका.