रिपोर्ट नॉर्मल आले, पण आईचं पोट दुखतंच आहे

आईच्या पोटात कळ आली की ती ओट्याला टेकते, बेंबीच्या डावीकडे मूठ दाबून धरते, आणि कुकरच्या शिट्ट्या होत राहतात तरी तिचं लक्ष नसतं. दीड वर्ष झालं हे. सोनोग्राफी झाली, दुर्बिणीने बघून झालं, रक्त झालं, सगळं नॉर्मल, मग एका डॉक्टरांनी "काकू, मनाचे खेळ आहेत" म्हणून घरी पाठवलं. रिक्षा तीन हात नाक्याच्या सिग्नलला थांबली तरी ती गप्पच, फाइल मांडीवर घट्ट धरून. मला ते अजून लागतं.

मग मी वाचत सुटले. आतडं कापलं तर फारसं दुखत नाही पण ताणलं की दुखतं, आणि आयबीएसवाल्यांच्या (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आईसारखं, रिपोर्ट नॉर्मल पण पोट दुखतच राहतं तो आजार) आतड्यात फुगा फुगवून बघितलं तर इतरांना जेमतेम जाणवेल तेवढ्यातच त्यातल्या बऱ्याच जणांना कळ येते, हे 1973 लाच मोजून झालंय! मेंदूतून पाठीच्या कण्यात खाली निरोप येत असतात, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनालिन, शरीराचं स्वतःचं एंडॉर्फिन, आणि पोटातून वर जाणारी कळ किती वर जाऊ द्यायची ते त्यावर ठरतं. झोप नाही, सतत धास्ती, की हा ताबा सुटतो. म्हणजे दुखणं मेंदूत घडतं हे खरंच आहे, पण ते सगळंच दुखणं मेंदूत घडतं ना, हार्ट अटॅकला डावा हात दुखतो तेव्हा कोणी खेळ म्हणतं का?

दुसऱ्या डॉक्टरांनी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिली, 10 मिलिग्रॅम. आईने मोबाइलवर बघितलं, "डिप्रेशनची गोळी", आणि स्ट्रिप डाळीच्या डब्यामागे सरकवली. "मला वेडी ठरवताय का गं?" तेव्हा तिच्याजवळ बसून सांगितलं की डिप्रेशनला डोस बराच जास्त लागतो, हा एवढासा डोस नसांसाठी आहे, इंग्लंडमध्ये आयबीएसच्या 463 जणांवर सहा महिने अभ्यास झाला, 2023 ला छापून आला, 10 पासून 30 मिलिग्रॅमपर्यंत, आणि खोट्या गोळीपेक्षा हिने जास्त आराम पडला. तोंड कोरडं पडतं, झोप येते, तेही सांगितलं, लपवलं नाही.

पाचवा आठवडा चालू आहे. परवा परत कळ आली, मूठ दाबलीच तिने, पण तिसऱ्या शिट्टीला गॅस तिनेच बंद केला.