जॅकवेलची मोटर आणि एप्रिलची रांग

बेळगाव जिल्ह्याच्या उत्तरेकडील सीमाभागात, दूधगंगा-वेदगंगेच्या पट्ट्यातील एका पुरसभेत, म्हणजे लहान शहराच्या नगरपालिकेत, मी हिशेब विभागात काम करतो. घरी मराठी आणि दप्तरात कानडी ही आमच्याकडची नेहमीची वहिवाट आहे. लोक ज्याला घरपट्टी म्हणतात ती फायलीत 'कंदाय' होते आणि अंदाजपत्रकाचे 'आयव्यय' होते. या दोन भाषांच्या मध्ये किती गोष्टी न सांगताच राहून जातात, हे मला २०२३ च्या एप्रिलमधील शेवटच्या आठवड्यात एका दिवसात कळले.

सकाळी सहाला वॉटरमन मामांचा फोन आला. "सायेब, मोटर गेली. लई वास सुटलाय." मी नदीवर पोहोचलो तेव्हा जॅकवेलच्या, म्हणजे गावासाठी पाणी उपसणाऱ्या नदीकाठच्या विहिरीच्या, खोलीत वार्निश जळाल्याचा उग्र वास कोंडला होता. मामांनी मोटरचे झाकण काढून आत बॅटरी मारली. तांब्याच्या तारांची वेटोळी एका बाजूने काळी ठिक्कर पडली होती आणि बोट लावले की वरची वेष्टणे कोळशाच्या पापुद्र्यासारखी सुटून येत होती. शेजारी दुसरी मोटर होती, पण ती सहा महिन्यांपासून बंद होती. मामांनी तिच्याकडे एकदाच पाहिले आणि ते काही बोलले नाहीत.

त्यांच्या न बोलण्याचे कारण मला ठाऊक होते. बंद मोटरच्या दुरुस्तीची मागणी हिवाळ्यातच आली होती. नव्या वर्षाचे अंदाजपत्रक शिलकी दिसले पाहिजे असा आग्रह असल्यामुळे पाणीपुरवठ्याच्या देखभाल-दुरुस्तीचा आकडा खाली आणला गेला, आणि तो आकडा खोडून नवा लिहिणारा हात माझा होता. शिवाय दुकानगाळ्यांच्या भाड्याची थकबाकी यंदा वसूल होईल असे गृहीत धरून उत्पन्नाची बाजू फुगवली होती. शिलकी अंदाजपत्रक म्हणून कौतुक झाले, परंतु त्या शिलकीतला एक भाग म्हणजे नदीकाठी गंजत पडलेली ती मोटर होती.

दहा वाजता कार्यालय उघडले तेव्हा जिन्यापर्यंत रांग लागली होती. कर्नाटकात घरपट्टी एप्रिलमध्ये भरली तर ५ टक्के सूट मिळते, मे आणि जूनमध्ये सूट नाही व दंडही नाही, आणि जुलैपासून दरमहा २ टक्के दंड चढू लागतो. त्यामुळे महिनाअखेरीस गर्दी ठरलेलीच असते. मात्र त्या दिवशी नळ कोरडे आहेत ही बातमी रांगेच्या आधी पोहोचली होती. "पाणी न्हाई आनि पट्टी तेवढी टायमाला भरायची व्हय?" हा प्रश्न मी त्या सकाळी किती जणांकडून ऐकला ते सांगता येणार नाही. प्रश्न रास्त होता, म्हणूनच तो मला लागला.

चीफ ऑफिसर साहेबांनी मला आत बोलावून एकच विचारले, "रोक्का यल्लैति?" म्हणजे पैसा कुठे आहे. बँकेतील शिल्लक पाहिली तर पुरसभा मुळीच गरीब दिसत नव्हती. पण ते पैसे वेगवेगळ्या कुलपांत होते. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेली होती. कोणालाही वाटेल की पाण्याच्याच कामाला ती चालेल. परंतु त्या रकमेची क्रियायोजना आधीच मंजूर होऊन ती एका वॉर्डातील नव्या पाइपलाइनला दिलेली होती. योजना बदलायची तर सभेचा ठराव आणि जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता २९ मार्चपासून लागू होती, मतदान १० मे रोजी होते. राज्य वित्त आयोगाचे वेतन अनुदान पगारासाठी होते आणि वीज अनुदान वीजबिलासाठी, त्यातून मोटरचे बिल देता येत नाही.

राहिला तो स्वतःचा निधी, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, परवाना शुल्क आणि आठवडी बाजाराच्या लिलावाची रक्कम. त्यातूनही २४.१० टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी, ७.२५ टक्के इतर दुर्बल घटकांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढावे लागतात. अडचणीच्या दिवशी या रकमेकडे हात वळवण्याची सूचना कोणी ना कोणी करतोच, त्या दिवशीही एका सदस्यांनी ती केली. मी नकार दिला आणि आजही तो नकार मला योग्य वाटतो, कारण ज्या वस्त्यांत शेवटच्या नळाला सर्वांत कमी दाबाने पाणी पोहोचते, त्यांच्याच वाट्यातून सर्वांच्या मोटरची भरपाई करणे हा न्याय नव्हे. उरलेल्या रकमेतून घंटागाड्यांचे डिझेल, तुरटी, क्लोरिन आणि रोजंदारीचे बिल वजा केल्यावर आदल्या संध्याकाळची शिल्लक रिवायंडिंगला, म्हणजे मोटरच्या जळालेल्या तारा काढून नव्या गुंडाळायला, पुरत नव्हती. टँकर दोन दिवस चालवले असते तर तेवढाही पैसा उडाला असता.

रिवायंडिंगची रक्कम निविदेच्या मर्यादेच्या आत बसत होती, पण दरपत्रके तरीही तीन घेणे भाग होते. दोन बेळगावहून आली, एक इचलकरंजीहून. इचलकरंजी जवळ आणि तिथल्या कारागिराने रात्रभर बसून काम करण्याचे कबूल केले, म्हणून मोटर तिकडे पाठवायचे ठरले. फक्त अर्धी रक्कम आगाऊ हवी होती, तीही दुपारपर्यंत बँकेतून.

मी काउंटरवर जाऊन बसलो. तिथे एक वयस्क आक्का चलन हातात धरून उभ्या होत्या. चलन कानडीत होते आणि त्यांना ते वाचता येत नव्हते. "हे एवढं कशाचं लावलंय ते सांग, मगच पैसे देते," त्या म्हणाल्या. मागची रांग कुरकुरत होती, तरी मी पेन्सिल घेतली आणि चलनाच्या समासात मराठीत लिहीत गेलो. हजार रुपये कर असेल तर त्यावर आरोग्य उपकर १५ टक्के म्हणजे १५० रुपये, ग्रंथालय उपकर ६ टक्के म्हणजे ६० आणि भिक्षुक उपकर ३ टक्के म्हणजे ३० रुपये. हे २४० रुपये, वसुलीचा थोडा वाटा सोडला तर, गावाचे नसतात. ते आम्ही गोळा करून पुढे पाठवतो.

"मग गावाचं कुठलं?" त्यांनी विचारले.

मी वरच्या हजाराच्या आकड्याभोवती गोल काढला. "आक्का, हे. मोटर दुरुस्त होईल ती ह्यातनंच."

त्यांनी लुगड्याच्या कनवटीतून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि चलनासह पुढे सरकवल्या. मागच्या माणसाने आपले चलनही मला समजावून मागितले, मग त्याच्या मागच्याने. काम मंदावले, पण आवाज उतरला. आचारसंहितेमुळे भाषण किंवा आश्वासन देण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तशी गरजही नव्हती. लोकांना आपल्या पैशाची वाट आपल्या भाषेत कळायला हवी होती, एवढेच. दुपारी अडीचपर्यंत जमलेला भरणा खात्यात गेला आणि आगाऊ रक्कम रवाना झाली.

मोटर घेऊन निघालेला टेम्पो महाराष्ट्राच्या सीमेवरील कोगनोळी नाक्यावर निवडणुकीच्या तपासणीत थांबला. मामा सोबत होते. त्यांनी चीफ ऑफिसरांच्या सहीचे पत्र दाखवले, मोटरवरची ताडपत्री उचलून दाखवली, आणि तासाभराने सुटका झाली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी मोटर परत आली आणि रात्री साडेनऊच्या सुमारास टाकीत पाणी पडल्याचा आवाज मामांनी मला फोनवर ऐकवला. दोन दिवस गावाने फार सोसले. शाळेमागच्या वस्तीतील बायका बोअरवर पहाटे तीनपासून घागरी घेऊन बसल्या होत्या. ते पाहिल्यापासून दुरुस्तीचा आकडा मला नुसता आकडा वाटत नाही.

हिवाळ्यात पुढच्या अंदाजपत्रकाची पूर्वबैठक झाली. अशा बैठकीला नेहमीचे ठेकेदार, दोन-चार पुढारी आणि कर्मचारी एवढेच असतात, म्हणून त्या वेळी मी सूचनेचा मराठी मजकूर हाताने लिहून पाण्याच्या टाकीखाली आणि दोन किराणा दुकानांत लावून घेतला. आक्का आल्या. त्यांच्या हातात तेच चलन होते, घडीवर झिजलेले, समासातील माझी पेन्सिल पुसट झालेली. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "दुसरी मोटर अजून बंदच हाय का?"

सभागृहात कोणी उत्तर दिले नाही. मी इतिवृत्ताच्या वहीत त्यांचा प्रश्न कानडीत उतरवला, त्याखाली तोच मराठीत लिहिला, आणि दुरुस्तीच्या शीर्षाखाली राखीव मोटरसाठी वेगळी ओळ सुचवून वही सहीसाठी साहेबांपुढे ठेवली.