रेकॉर्डचं बटण आहे, रेकॉर्डिंग कुठे आहे?

अमेरिकेत केबलची जोडणी बंद करून यूट्यूब टीव्ही किंवा हुलू लाइव्ह या इंटरनेटवरून टीव्ही चॅनेल दाखवणाऱ्या सेवांवर आलेल्या घरांत पहिल्याच महिन्यात एक तक्रार हमखास निघते. मालिका रेकॉर्डला लावलेली असते, भाग आलेलाही असतो, पण जाहिरात लागली की रिमोटचं उजवं बटण दाबून काही होत नाही. मग रिमोटचे सेल बदलून होतात, ॲप बंद-चालू करून होतं. बिचाऱ्या रिमोटचा त्यात काही दोष नसतो. समोर चाललेला भाग तुम्ही लावलेल्या रेकॉर्डिंगमधला नसतो, चॅनेलने स्वतंत्रपणे दिलेली प्रत असते.

एकाच भागाच्या दोन प्रती असू शकतात. एक डीव्हीआरची, म्हणजे प्रक्षेपण चालू असताना तुमच्या नावाने साठवलेली. दुसरी व्हीओडी, म्हणजे मागाल तेव्हा बघायला चॅनेलने ठेवलेली. दोन्हींचं चित्र तेच, नाव तेच, फरक जाहिरात लागेपर्यंत कळत नाही. डीव्हीआरची प्रत हवी तशी पुढे पळते. व्हीओडीत जाहिरातीच्या वेळी पळवण्याची सोय बंद असते. चॅनेलना हीच प्रत तुमच्या गळ्यात मारायची असते, त्यामागे पैशाचं साधं गणित आहे. २००७ पासून अमेरिकेत जाहिरातींचे दर 'सी-३' या आकड्यावर ठरू लागले: प्रक्षेपणाच्या वेळी आणि त्यानंतरच्या तीन दिवसांत कार्यक्रमातल्या जाहिराती सरासरी किती जणांनी प्रत्यक्ष पाहिल्या. पळवलेली जाहिरात या हिशेबात धरत नाहीत. त्याच जाहिराती तशाच ठेवलेली आणि पळवता न येणारी व्हीओडी प्रत मात्र धरतात. यूट्यूब टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात तर काही चॅनेलची व्हीओडी प्रत आली की रेकॉर्डिंगऐवजी तीच लागायची.

म्हणून सवय एकच लावून घ्या. पहिल्या पानावरच्या चौकटीवरून थेट प्ले करू नका. कार्यक्रमाच्या पानावर जा, भाग उघडा आणि कुठली प्रत लागणार आहे ते बघा. दोन्ही असतील तर डीव्हीआरची निवडा.

हुलूमध्ये हे गणित कधी कधी उलटं होतं. तिथे 'नो ॲड्स'चा वरचा प्लॅन घेतला तरी लाइव्ह चॅनेल आणि त्यावरून केलेली रेकॉर्डिंग यांतल्या जाहिराती जात नाहीत, फक्त हुलूच्या स्वतःच्या साठ्यातल्या कार्यक्रमांतल्या जातात. एबीसी या मोठ्या अमेरिकन चॅनेलवर रात्री लागलेला भाग दुसऱ्या दिवशी त्या साठ्यात येतो. नो ॲड्सवाल्याने तो तिथे बघावा, रेकॉर्डिंगला हात लावू नये. जाहिरातवाला प्लॅन असेल तर बरोबर उलटं करायचं. १३ एप्रिल २०२२ च्या आधी हुलूची सोय याहून कोती होती: ५० तासांचं रेकॉर्डिंग, तेही जाहिराती न पळणारं, आणि पळवायच्या असतील तर महिन्याला ९.९९ डॉलर जादा. त्या दिवसापासून अमर्याद साठा आणि पळवण्याची मुभा मूळ पैशांतच मिळते.

रेकॉर्डिंगची प्रत वेगळी आणि चॅनेलची वेगळी, हे असं का, याचं मूळ कोर्टकचेरीत आहे. घरच्या व्हीसीआरवर कार्यक्रम नंतर बघण्यासाठी उतरवून घेणं कायदेशीर आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सोनीच्या बीटामॅक्स व्हीसीआरवरच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं. पण यंत्र तुमच्या घरात नसून कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर? तो प्रश्न केबलव्हिजन या केबल कंपनीच्या खटल्यात आला आणि २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेकंड सर्किट या अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कारणं मोठी बारीक होती. बफरमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या तात्पुरत्या साठ्यात, कार्यक्रम जास्तीत जास्त १.२ सेकंद राहतो, रेकॉर्डचं बटण ग्राहक दाबतो, आणि प्रत्येक ग्राहकाची प्रत वेगळी साठवली जाते. एकच सामना हजार जणांनी रेकॉर्ड केला तर हजार प्रती. क्लाउडमधल्या रेकॉर्डिंगला कायद्याचा आधार मिळाला तो असा.

आपोआप जाहिरात गाळण्याचं मात्र जमलं नाही. डिश नेटवर्क या उपग्रह-टीव्ही कंपनीने २०१२ मध्ये आपल्या हॉपर या रेकॉर्डिंगच्या बॉक्सवर ऑटोहॉप नावाची सोय आणली. चार मोठ्या चॅनेलचे संध्याकाळचे कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी बघताना जाहिराती आपोआप गाळल्या जायच्या. चॅनेल कोर्टात गेले आणि शेवटी एकेकाशी तडजोड झाली: एबीसीसाठी पहिले तीन दिवस ऑटोहॉप बंद, सीबीएस आणि फॉक्ससाठी सात दिवस. हे तीन आणि सात आकाशातून पडलेले नाहीत, जाहिरातीचे प्रेक्षक मोजायच्या मुदती आहेत त्या. स्ट्रीमिंगवाल्यांना तर चॅनेलच्या परवानगीवाचून पाऊलच टाकता येत नाही, त्यामुळे हे बटण त्यांच्याकडून येईल अशी आशा धरू नये.

हाताने किती पळवावं लागतं? यूट्यूब टीव्हीवर उजवं बटण एकदा दाबलं की १५ सेकंद पुढे. साडेतीन मिनिटांचा ब्रेक म्हणजे चौदा वेळा. आठ-नऊ वेळा पटापट दाबायचं, मग खाली दिसणारी छोटी चित्रं बघत हळू यायचं. कार्यक्रम सुरू होण्याआधी बहुतेक वेळा चॅनेलची स्वतःची जाहिरात असते, ती दिसली की थांबायचं. त्याहून सोपी युक्ती म्हणजे उशिरा बसणं. तासाभराच्या मालिकेत ऐवज ४२-४४ मिनिटांचाच असतो. आठचा कार्यक्रम आठ वाजून अठरा मिनिटांनी सुरुवातीपासून लावला आणि ब्रेक पळवत गेलात, तर नऊच्या सुमारास प्रक्षेपणाबरोबरच तुमचंही संपतं.

आता 'अमर्याद' या शब्दाकडे वळू. यूट्यूब टीव्हीवर साठ्याला मर्यादा नाही, मुदतीला आहे: नऊ महिने. रेकॉर्डिंग पुसता येत नाही. एकच भाग हवा म्हटलं तरी नाही. 'लायब्ररीत टाका' म्हणजे त्या नावाचं जे जे लागेल ते सगळं, जुने भाग पुन्हा लागले तर तेही. अमुक चॅनेल, रात्री आठ ते साडेदहा, असं घड्याळ लावायची व्हीसीआरच्या काळातली सोय इथे नाही, आणि तीच खरी अडचण करते. सामना लांबला की रेकॉर्डिंग कार्यक्रमपत्रिकेतल्या वेळेला किंवा थोडं पुढे जाऊन थांबतं आणि नेमकी शेवटची पाच मिनिटं जातात. उपाय ओबडधोबड आहे: सामन्यानंतर त्याच चॅनेलवर जे लागणार असेल तेही लायब्ररीत टाकायचं, भले ते स्वयंपाकाचं असो. लांबलेला भाग त्या नावाखाली सापडतो.

उन्हाळ्यात दोन महिने पुण्याला जायचं असेल तर वर्गणी चालू ठेवा, रेकॉर्डिंग होत राहील. पण ते भारतात बसून बघता येणार नाही, अमेरिकेबाहेर सेवा चालत नाही. वर्गणी थांबवून ठेवली तर जुनं टिकतं, नवं होत नाही.

सगळ्यात मोठा धोका मुदतीचा नाही, भांडणाचा आहे. ३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री डिस्नेशी करार न झाल्याने यूट्यूब टीव्हीवरून त्यांचे ईएसपीएन, एबीसी वगैरे चॅनेल गेले, ते १४ नोव्हेंबरला परत आले. त्या पंधरवड्यात त्या चॅनेलवरून आधी केलेली रेकॉर्डिंगही लोकांच्या लायब्ररीतून नाहीशी झाली. डिसेंबर २०२१ मध्येही हेच झालं होतं, फक्त तेव्हा एक-दोन दिवसांत मिटलं. नऊ महिन्यांचं आश्वासन चॅनेलचा करार असेपर्यंतच. स्वतःच्या कपाटातली कॅसेट अशी गायब होत नसे.

जाहिरात अडवणारं ॲड-ब्लॉकर इथे का चालत नाही, असंही विचारलं जातं. वेबपानावर जाहिरात दुसऱ्या पत्त्यावरून येते, म्हणून ती अडवता येते. टीव्हीच्या प्रवाहात काही सेकंदांच्या तुकड्यांची एक यादी असते आणि जाहिरातीचे तुकडे सर्व्हरवरच त्या यादीत ओवले जातात. ॲपला कार्यक्रम आणि जाहिरात एकाच पाइपातून मिळतात. टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआय वायरमधून उतरवून घ्यायला गेलात तर एचडीसीपी या कॉपी-संरक्षणाचं कुलूप काळा पडदा दाखवतं.

ज्यांना खरंखुरं रेकॉर्डिंग हवं त्यांनी हवेतून फुकट येणारे चॅनेल पकडायला अँटेना लावावा. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या ठिकाणी मॅनहॅटनच्या उंच इमारतींकडे तोंड करून, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात सुट्रो टॉवर या प्रक्षेपण मनोऱ्याकडे. खिडकीपेक्षा माळ्यावर चांगला लागतो. अँटेनाची कोअ‍ॅक्स वायर एचडीहोमरन या ट्यूनरच्या डबीत, डबीतून नेटवर्कची वायर राउटरला, आणि घरातल्या चालू राहणाऱ्या कॉम्प्युटरवर चॅनल्स डीव्हीआर किंवा प्लेक्स हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम. एबीसी, सीबीएस, फॉक्स, एनबीसी आणि पीबीएस यांतच बहुतेकांचं भागतं. चॅनल्स डीव्हीआर महिन्याला ८ डॉलर घेतं. एचडी चॅनेलचा एक तास साधारण ५-६ जीबी खातो, म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर दीडशे-पावणेदोनशे तास. टॅब्लोची डबी जोडायला याहून सोपी आहे, पण तिचं रेकॉर्डिंग तिच्या ॲपपुरतंच राहतं.

अशा रेकॉर्ड झालेल्या फाइलवर कॉमस्किप नावाचा फुकट प्रोग्रॅम चालवला की तो जाहिराती हुडकतो. दोन दृश्यांमधली काळी चौकट (क्षणभर पूर्ण काळा पडदा), त्याच क्षणी आवाजाची शांतता, आणि कोपऱ्यातलं चॅनेलचं बोधचिन्ह गायब होणं, या खुणांवरून तो ठरवतो आणि एक छोटी मजकुराची फाइल लिहितो. तिची एक ओळ अशी असते: १२६३.४० १४४१.८७ ०. म्हणजे १२६३.४० व्या सेकंदापासून १४४१.८७ पर्यंत, जवळपास तीन मिनिटं, गाळा. शेवटचा शून्य म्हणजे 'काप'. खेळाच्या सामन्यात तो फसतो, कारण जाहिरातीआधी काळी चौकट बहुधा नसतेच. अंधारातल्या दृश्यांच्या मालिकेत कधी कधी खरा प्रसंगच जाहिरात समजून कापायला निघतो. म्हणून फाइल कापू नये, फक्त खुणा ठेवाव्यात. चुकीची खूण असली तर मागे येऊन बघता येतं, कापलेलं परत मिळत नाही. आणि अँटेनावरच्या टीव्हीच्या एटीएससी ३.० या नवीन प्रक्षेपण पद्धतीच्या भरवशावर डबी घेऊ नका. त्यातले बरेच चॅनेल कुलूपबंद आहेत, एचडीहोमरनला ते उघडत नाहीत. जुनं एटीएससी १.० चालू आहे तोवर तेच वापरा.

भारतात आई-वडिलांकडे हे कसं? डीटीएचच्या बॉक्सला यूएसबी डिस्क लावून केलेलं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतं, कॉम्प्युटरला लावलं तर काही दिसत नाही. रिचार्ज संपला की तेही बंद. जिओटीव्हीवर रेकॉर्ड करण्याऐवजी काही चॅनेलचं सात दिवसांपर्यंतचं मागचं बघता येतं, आठव्या दिवशी ते गेलं. खुलं रेकॉर्डिंग उरलंय ते डीडी फ्री डिशच्या साध्या एमपेग-२ बॉक्सवर. रिमोटवरचं रेकॉर्डचं बटण दाबलं की सह्याद्री वाहिनीवरचा कार्यक्रम पेन ड्राइव्हवर टीएस या प्रकारची व्हिडिओ फाइल म्हणून उतरतो आणि लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये सरळ चालतो. पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते, त्यामुळे लांबलचक कार्यक्रमाचे दोन-तीन तुकडे होतात. ते व्हीएलसीच्या यादीत क्रमाने टाकले की सलग बघता येतात.