आधी हवा, मग पिस्टन: जुनी आरएक्स माळावर परत आणताना

आमच्या घरातली यामाहाची टू-स्ट्रोक बाईक, आरएक्स १००, रस्त्यावर फारशी चाललीच नाही. चुलतभावाने ती डर्टसाठी, म्हणजे मातीवरच्या शर्यतींसाठी, बांधली होती: गुट्ट्यांचे टायर, मागचं स्प्रॉकेट मोठं, सायलेन्सर वर उचललेला, हेडलाइट काढून त्या जागी पत्र्याची पाटी. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही आपल्याकडच्या डर्ट ट्रॅकवर आरएक्स आणि सुझुकी शोगन याच गाड्या जास्त दिसायच्या, कारण आरएक्सच्या ९८ सीसीच्या हलक्या इंजिनात ११ बीएचपी होती आणि ती ७५०० आरपीएमला अशी काही अंगावर यायची की चढावर चार-स्ट्रोकवाले मागे पडायचे. १९९६ला आरएक्स १०० बंद झाली. आमची गाडी त्यानंतरही बरीच वर्षं पळाली, मग गोठ्याच्या कडेला पोत्याखाली गेली.

मी ती बाहेर काढली तेव्हा चालू होत होती. पण कशी? थंड असताना बरी, तापली की रेस धरून बसायची. थ्रॉटल सोडला तरी इंजिन खाली यायचं नाही, किंचाळत राहायचं. भार पडला की दम सोडायची. प्लग काढून बघितला तर टोक पांढरं फटक. गावातल्या गॅरेजवाल्याने पिस्टन-रिंग बदलली, मग जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं नळकं) बदलला, मग कार्बोरेटरच नवा बसवला. दर वेळी चार दिवस बरी चालायची आणि पुन्हा तेच. शेवटी चढावर पिस्टन पकडला, म्हणजे सिलिंडरमध्ये चिकटला.

मग ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर, पिशवीत घालून कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. पंपापासून ऑईल इंजिनपर्यंत सगळं जिथं घडतं, तिथं सिलिंडर आतून कातून मोठा करणारा बोअरिंगवाला शोधावा लागत नाही. मी ज्यांच्याकडे गेलो त्या मामांनी ब्लॉक उजेडाकडे धरला, एक्झॉस्टच्या बाजूच्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "इंजिनाची हवा तपासलीस?" मी म्हटलं, नाही. "मग बोअर मारून काय उपयोग? म्हैन्याभरात परत घेऊन येशील. आधी हवा बघ, मग पिस्टन."

हे एक वाक्य या सगळ्या कामाचं सार आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. चार-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे पिस्टनखाली क्रँक फिरतो ती खोली, ऑईलची टाकी असते. टू-स्ट्रोकमध्ये तोच पंप असतो. पिस्टन वर गेला की पेट्रोल-हवा खाली क्रँककेसमध्ये ओढली जाते आणि पिस्टन खाली आला की तीच दाबून ट्रान्सफर पोर्टमधून (सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटांमधून) वर ढकलली जाते. म्हणजे या खोलीला कुठेही बारीक भोक असलं, तर कार्बोरेटरने न मोजलेली हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, रेस वाढलेलीच राहते आणि शेवटी पिस्टन फुगून चिकटतो. हे सगळं जेटच्या दोषासारखंच दिसतं, म्हणून जो तो जेटच बदलत बसतो.

तपासणीचं साधन मामांच्या सल्ल्याने घरीच केलं. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून नुसतं लोखंडी कवच ठेवलं, त्यात तांब्याची नळी झाळून घेतली. एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि वरून पट्टी, सायलेन्सरच्याच बोल्टने आवळलेली. इनटेकच्या रबरात लाकडी बुच आणि क्लॅम्प. नळीला जोडलं आईचं बीपी मोजायचं यंत्र, गोल डायलवालं. डायलवर ३०० (मिमी पारा) पर्यंत दाब भरला की सहा पीएसआयच्या जवळपास होतो आणि एवढाच हवा असतो. जास्त भरला तर चांगली सीलही उचकटतात. पिस्टन तळाला ठेवायचा, म्हणजे सगळे पोर्ट उघडे राहून वरची-खालची जागा एक होते.

निरोगी इंजिनात काटा पाच-सहा मिनिटं जवळपास हलत नाही. आमचा काटा डोळ्यादेखत खाली आला. साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो. ब्लॉकच्या तळाच्या गॅस्केटला फेस नाही, हेडलाही नाही. कार्बोरेटर आणि ब्लॉक यांना जोडणारा इनटेक मॅनिफोल्ड ब्लॉकला बसतो तिथे बारीक फेस आला. कोणीतरी बोल्ट इतके आवळले होते की फ्लँज वाकून मध्ये फट पडली होती. मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं वीज बनवणारं चाक) काढून प्लेटच्या मागे क्रँकच्या सीलवर पाणी सोडलं तर तिथे फुगेच फुगे. सीलचं रबर नखाने दाबलं तर कडक, ओठाला चीर. इतकी वर्षं दोष तिथे होता आणि कोणी मॅग्नेट उघडलाच नव्हता.

क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गियरचं ऑईल आत ओढलं जातं, धूर सुटतो, मग लक्ष तरी जातं. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की नुसती हवा जाते, धूर नाही, डाग नाही. म्हणून हे दुखणं लपून राहतं. दाबाला टिकणारं सील ओढीला गळू शकतं हेही ध्यानात असू द्या. जुनं सील संशयास्पद वाटलं तर बदलूनच टाकावं, किंमत किरकोळ असते.

इंजिन उघडलंच होतं तर क्रँकही बाहेर काढला. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघितला तर बिग एंडला (रॉडच्या खालच्या, क्रँकवर बसणाऱ्या टोकाला) टकटक जाणवत होती. नवीन रॉड किट प्रेसवर बसवून मामांनी क्रँक सेंटरवर धरला, डायल लावला आणि तांब्याच्या हातोडीने ठोकत ठोकत सरळ केला. काटा जेमतेम हलेपर्यंत सोडला नाही. हे काम बघत उभं राहावं असं आहे. बेअरिंग आणि सील दोन्ही बाजूंची नवी घातली. मॅनिफोल्डची फ्लँज काचेवर एमरी पेपर ठेवून घासून सपाट केली.

बोअर ०.५० मिमी ओव्हरसाइजला गेला, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढा मोठा झाला. मामांनी पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारला नाही, कारण पिस्टनवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष माप यांत फरक पडतो. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. त्या हाताने मोडाव्या लागतात, नाहीतर रिंग अडकून तुटते. बऱ्याच ठिकाणी हे करतच नाहीत. ब्लॉक घेताना बोट आत घालून बघा. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे आणि रिंगची दोन टोकं खाचेतल्या पिनवर, एवढं जोडणाऱ्याने पाहायचं.

सायलेन्सरची नळी आणि जाळी कॉस्टिक सोड्यात भिजवून कार्बन काढला. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही, आणि अॅल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात जाऊ द्यायचा नाही. रीडच्या, म्हणजे इनटेकच्या एकदिशी झडपेच्या, पात्या उजेडासमोर धरून फट नाही ना हे पाहिलं.

सगळं जोडून पुन्हा बीपीचं यंत्र लावलं. काटा थांबला. त्यानंतरच जेटला हात लावला.

आता पेट्रोलबद्दल. पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल, त्यातलं काही आमच्याच भागातल्या उसाचं. शेतकऱ्याच्या पोराला त्याचं वाईट वाटायचं कारण नाही, पण जुन्या गाडीला त्याची तजवीज करावी लागते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच जेटवर मिश्रण आणखी पातळ होतं. मेन जेट एक नंबर वर नेला, नीडलची (कार्बोरेटरमधल्या सुईची) क्लिप एक खाच खाली आणली, म्हणजे पेट्रोल जरा जास्त जातं. पेट्रोलची नळी नवी घातली, कारण जुनं रबर इथेनॉलने फुगतं. गाडी उभी करायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवतो; इथेनॉल हवेतलं पाणी धरतं. ऑईलचा पंप भावाने पूर्वीच काढलेला, त्यामुळे लिटरला २५ मिली टूटी (टू-स्ट्रोकचं ऑईल) घालून मिसळतो. इंजिन नव्याने बांधलं तेव्हा सुरुवातीला ३० घातलं. त्याहून जास्त घालण्यात शहाणपण नाही, कारण जेटमधून जाणाऱ्यात ऑईल वाढलं की पेट्रोल तेवढं घटतं. पंप काढला असेल तर त्याच्या नळीचं तोंड पक्कं बंद आहे ना हेही बघा, हवा तिथूनही शिरते.

छोट्या हत्तीत घालून गाडी गावच्या माळावर नेली. (पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर नेऊ नका, तिथल्या पावसाळी फुलांचं चाकांखाली वाटोळं होतं.) आमच्या भागातली लाल धूळ फार बारीक, आणि टू-स्ट्रोकमध्ये फिल्टरमधून सुटलेली धूळ थेट क्रँकच्या बेअरिंगवरून जाते. म्हणून फिल्टरचा फोम प्रत्येक वेळी धुऊन, ऑईल लावून, पिळूनच बसवतो. तिसऱ्या गियरवर पूर्ण थ्रॉटलवर चढ घेतला, वर पोचताच क्लच दाबून इंजिन बंद केलं आणि प्लग काढला. टोक चॉकलेटी. रेस सोडली की लगेच खाली येते, आणि अर्ध्या थ्रॉटलनंतर ती जुनी ओढ पुन्हा लागते, हँडल हलकं होतं.

पुढच्या शॉकअपची सील आता गळायला लागलीत, ती पावसाळ्याआधी करायची आहेत. ब्लॉकमध्ये ०.७५ आणि १.०० असे दोन बोअर अजून शिल्लक आहेत, आणि ०.७५चा पिस्टन मिळाला तेव्हाच घेऊन ठेवलाय.