तळ्यातली मरळ, खाडीतला जिताडा आणि मधली एक गाठ

मासेमारीच्या सामानाबद्दल बोलणं निघालं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, किती किलोच्या माशासाठी किती पौंडाची लाइन घ्यायची? माझ्या मते इथूनच दिशा चुकते. माशाचं वजन तोलायला रीळचा ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की लाइन सुटू देणारा ब्रेक, असतो. लाइन तुटते ती बहुतेक वेळा कशाला तरी घासून, नाहीतर गाठीत. म्हणून ती पाण्यात कशाला घासणार आहे, ते आधी बघायचं. तळ्यात ती शेवाळात आणि जलपर्णीत घुसते. खाडीत कांदळवनाची मुळं असतात आणि जिताड्याच्या कल्ल्याची धार असते. खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, कालवं असतात, उघड्या समुद्रात सुरमईचे दात. कोल्हापूरकडून मालवणला उतरताना ही चारही पाणी एका वाटेवर भेटतात, आणि प्रत्येक ठिकाणी बॉक्समधलं अर्धं सामान बदलावं लागतं. या वेळचं प्रवासवर्णन मुख्यतः त्या बदलाचं आहे.

पहिला मुक्काम घाटावरच्या एका गावतळ्याला. अशी तळी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. आधी जाऊन परवानगी घ्यावी, पैसे भरावेत, बांधावर बसलेल्या राखणदाराशी दोन शब्द बोलावेत. त्याच्याइतकं ते पाणी कोणालाच माहीत नसतं. मरळ हवा घ्यायला वर येते, ‘ब्लुप’ असा आवाज होतो आणि वर्तुळ उमटतं. त्या वर्तुळावर लुअर, म्हणजे नकली आमिष, टाकून उपयोग नाही. ते उमटेपर्यंत मरळ पुढे सरकलेली असते. तोंड कुठल्या दिशेला होतं ते बघून दीड-दोन मीटर पुढे टाकायचं.

इथे एकच लुअर मनापासून सुचवेन, पोकळ रबरी बेडूक. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे जलपर्णीवरून तो न अडकता सरकतो. विकत घेताना अंगठ्याने पोट दाबून बघा. हलक्या दाबाने गळांची टोकं उघडी पडली पाहिजेत. रबर कडक असेल तर मरळ तोंडात घेईल, आपण हिसका देऊ आणि बेडूक तसाच बाहेर येईल. नव्या बेडकाचे गळ पक्कडीने दोन-तीन मिलिमीटर बाहेर वाकवून घेतले की हा त्रास बराच कमी होतो. दुसरी काळजी हिसक्याच्या वेळेची. पाणी फुटलं की हात आपोआप उचलला जातो, आणि तिथेच मासा सुटतो. बेडूक दिसेनासा होऊ द्या, लाइनला वजन लागू द्या, मग जोर लावा. मरळीचं तोंड हाडाचं असतं, अर्धवट हिसक्याने गळ रुतत नाही.

म्हणून इथे तंगूस, म्हणजे नायलॉनची एकेरी लाइन, नको. नायलॉन ताणल्यावर चांगलीच लांबते, आपला जोर त्या लांबण्यातच संपतो. शिवाय ती हळूहळू बुडते आणि वनस्पतीच्या देठांत शिरते. ब्रेडेड लाइन पॉलिथिलीनच्या धाग्यांची, पाण्यापेक्षा किंचित हलकी. ती वर तरंगते, जवळजवळ ताणली जात नाही आणि शेवाळाचे देठ करवतीसारखे कापत येते. पीई ३ घ्या, पीई हा ब्रेडच्या जाडीचा क्रमांक. लीडर, म्हणजे लाइनच्या पुढे जोडायचा जाड तुकडा, लावू नका, कारण जोडाच्या गाठीवर गवताचा गोळा जमतो. बेडूक थेट ब्रेडला पालोमार गाठीने बांधा. पंधरा-वीस सेंटिमीटर लाइन दुहेरी करून डोळ्यातून, म्हणजे लाइन बांधायच्या कडीतून, ओवा, साधी सैल गाठ मारा, तयार झालेल्या फासातून अख्खा बेडूक पार करा, थुंकीने ओलं करा आणि दोन्ही टोकं एकत्र ओढा. ओलं करायचं कारण साधं आहे. हा धागा १४५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, आणि कोरडी गाठ झटक्यात ओढली की घर्षणाच्या उष्णतेनेच ती आतून भाजते. दुहेरी पदर डोळ्यावर एकमेकांवरून गेले असतील तर गाठ सोडून पुन्हा बांधा. वरचा पदर खालच्याला कापतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पावसाळ्यात पाण्याच्या वरच्या थरात तांबूस-नारिंगी पिल्लांचा थवा खदखदताना दिसला तर तिथे लुअर टाकू नका. खाली आईबाप राखणीला असतात आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतात, त्यामुळे ते सहज गळाला लागतात. ते गेले की तो थवा एका दिवसात फस्त होतो.

तिथून राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट. मधलं पाणी अभयारण्यातलं आहे, तिथे रॉड गाडीतच राहू द्यायचा. रस्ता सुंदर, वळणं भरपूर, आणि कणकवलीपर्यंत थांबण्यासारखं कारण पडलं नाही.

मालवणचे पहिले दिवस किल्ला, बाजार आणि जेवणात गेले. त्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलंय. मला लिहायचंय ते देवबागबद्दल, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. जागा इतकी देखणी आहे की तिथल्या गोंगाटाचा खरोखर राग येतो. नऊ-साडेनऊनंतर जेट-स्की आणि बनाना बोटी सुरू होतात, वाळूच्या बेटावर गर्दी लोटते, आणि मुखाजवळचं पाणी संध्याकाळपर्यंत घुसळत राहतं. पोट भरायला लोकांनी हे धंदे धरलेत, त्यांना दोष देत नाही. पण खाडीचा काही भाग निदान सकाळी अकरापर्यंत शांत ठेवायला काय हरकत आहे? गरवणारे, पाग टाकणारे, पक्षी बघणारे, सगळ्यांची तीच वेळ असते.

त्यामुळे जायचं ते अंधारात, आणि तेही तिथी बघून. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतो. चतुर्थीला मुंबईत तीनच्या सुमारास, मालवणला त्याच्या तासभर आधी. म्हणजे उजाडताना सुकती, म्हणजे ओहोटी, ऐन भरात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार ओढतं आणि गढुळतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उताराच्या भरतीला, ते हलतच नाही. मधल्या तिथी सोन्यासारख्या. होडीवाल्या काकांना विचारलं, तर त्यांचं उत्तर एवढंच, “सुकती लागांदे, मगे टाका.” कारण त्यांना सांगावंसंही वाटलं नाही, पण ते असं आहे. भरतीला बोयटं आणि कोळंबी कांदळवनाच्या आत मुळांमध्ये पसरलेली असतात. पाणी उतरू लागलं की ती छोट्या-छोट्या ओहोळांतून बाहेर येतात, आणि जिताडा ओहोळाच्या तोंडाशी, गढूळ आणि स्वच्छ पाण्याच्या सीमेवर उभा राहून त्यांची वाट बघतो.

जिताड्यासाठी, गोव्याकडे ज्याला चोणक म्हणतात, नऊ ते बारा सेंटिमीटरचा, मीटर-दीड मीटर बुडणारा मिनो, म्हणजे छोट्या माशासारखा कडक लुअर, पुरेसा आहे. पाणी खोल किंवा ओढ जास्त असेल तर चपट्या शेपटीचा मऊ रबरी मासा, सात ते चौदा ग्रॅमच्या जिगहेडवर, म्हणजे डोक्याशी वजन असलेल्या गळावर. ओढ जितकी कमी तितकं हेड हलकं, म्हणजे तो तळाकडे सावकाश उतरतो, आणि जिताडा बहुतेक वेळा या उतरण्यातच घेतो. रंगावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझा हिशेब छोटा आहे. गढूळ पाण्यात सोनेरी किंवा गडद, स्वच्छ पाण्यात पेडव्यासारखा चंदेरी. रंगापेक्षा थांबणं महत्त्वाचं. दोन झटके, मग दोन-तीन सेकंद पूर्ण थांबा.

गोड्या पाण्यासाठी बनवलेल्या मिनोचे तीनतोंडी गळ मात्र आधी बदला. ते बारीक तारेचे असतात, जिताडा डोकं झटकत उडी मारतो तेव्हा सरळ होतात आणि खाऱ्या पाण्यात लवकर गंजतात. जाड तारेचे, गंजरोधक मुलाम्याचे, आकाराने एक नंबर लहान असे लावा, म्हणजे एकूण वजन फारसं वाढत नाही. वजन वाढलं तर तरंगणारा मिनो बुडू लागतो आणि त्याची हालचाल मरते. होडीच्या कडेला एकदा सोडून बघितलं की लगेच कळतं. गळासोबत स्प्लिट रिंगही, म्हणजे गळ अडकवायची कडी, बदला. ती विसरली जाते, आणि नेमकी तीच उघडते.

आता लाइन. खाडीला पीई २ चा ब्रेड. इथे दुकानांबद्दल तक्रार आहे. स्वस्त लाइनच्या गुंडाळीवर मोठ्या अक्षरात पौंड छापलेले असतात आणि जाडी एकतर नसते, नाहीतर खोटी असते. पीई १ म्हणजे साधारण ०.१६५ मिलिमीटर, पीई २ म्हणजे ०.२३५, पीई ३ म्हणजे ०.२८५. ०.१० मिलिमीटरवर ४० पौंड लिहिलं असेल तर यातला एक आकडा नक्की खोटा आहे. ब्रेड भरताना रीळच्या स्पूलवर, म्हणजे लाइन गुंडाळायच्या चकरीवर, आधी थोडी तंगूस गुंडाळा, नाहीतर गुळगुळीत धातूवर अख्खी लाइन गरागरा फिरते आणि ड्रॅग बिघडलाय असं वाटतं. काठापासून दोन-तीन मिलिमीटर मोकळे सोडा. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्शापर्यंत, ३० पौंडाला साडेतीन ते साडेचार किलो. सामान तोलायच्या छोट्या काट्याने हे मोजता येतं, हाताच्या अंदाजावर विसंबू नये.

ब्रेडला पुढे ४० ते ५० पौंडाचा लीडर हवाच. जिताड्याचा जबडा आतून कानशीसारखा खरखरीत असतो आणि कल्ल्याचं झाकण धारदार, उघडा ब्रेड तिथे लागला की संपलं. फ्लुरोकार्बन महाग असला तरी इथे पैसे वसूल होतात. तो घासायला चिवट, पाणी न शोषणारा आणि नायलॉनपेक्षा कमी दिसणारा.

आणि मग ती गाठ, ब्रेड आणि लीडर जोडणारी. माझ्या अनुभवात मासे सुटण्याचं सगळ्यात मोठं कारण हीच. एफजी गाठीत लीडरला पीळ पडत नाही, ब्रेडच त्याच्यावर जाळीसारखा आवळला जातो. म्हणून ती बारीक राहते आणि रॉडच्या कड्यांतून न खटकता जाते. ब्रेड ताठ हवा. एक टोक होडीच्या खुंटीला बांधा, दुसरीकडून रॉड गुडघ्यात धरा. लीडर ब्रेडवर आडवा ठेवून एकदा वरून, एकदा खालून असा फिरवत वीसेक फेऱ्या घ्या. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीला टेकलेली हवी, तिच्यावर चढलेली नको. मग ब्रेडच्या मोकळ्या टोकाने लीडर आणि मुख्य लाइन दोन्हीवर मिळून दोन अर्ध्या गाठी. आता ओलं करून, हातमोजा घालून, लीडर आणि मुख्य ब्रेड विरुद्ध दिशांना पूर्ण ताकदीने ओढा. फेऱ्यांचा रंग गडद होतो आणि धागे लीडरमध्ये रुतलेले दिसतात. हे दिसेपर्यंत लीडरचं टोक कापायचं नाही. घाईने आधी कापलं तर पहिल्याच मोठ्या धावेत लीडर मोज्यासारखा निसटतो. रंग बदलल्यावर टोक अगदी लगत कापा आणि नुसत्या ब्रेडवर पाच-सहा अर्ध्या गाठी, एक डावीकडून, एक उजवीकडून.

होडी हलत असेल, वारा असेल, तर हट्ट सोडून डबल युनी बांधा. लीडरच्या बाजूला तीन-चार फेरे, ब्रेडच्या बाजूला सात-आठ, कारण ब्रेड निसरडा असतो. ही गाठ जाड होते, म्हणून लीडर मीटरभरच ठेवा, टाकताना गाठ रॉडच्या टोकाबाहेर राहते.

लुअरच्या बाजूला घट्ट गाठ नको. जाड लीडर आवळून बांधला की मिनो काठीला बांधल्यासारखा चालतो. न सरकणारा फास बांधा. टोकापासून वीस सेंटिमीटरवर सैल साधी गाठ, टोक लुअरच्या डोळ्यातून ओवून त्याच गाठीतून परत, ज्या बाजूने बाहेर आलं त्याच बाजूने आत. मग लाइनभोवती चार फेरे, ६० पौंडाला तीनच, आणि पुन्हा त्याच बाजूने गाठीत. बाजू चुकली तर गाठ तिरकी बसते आणि अर्ध्या ताकदीला तुटते.

मोठा जिताडा लागला तर तो सोडून द्या अशी विनंती. हा मासा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. मोठे म्हणजे जवळजवळ सगळ्या माद्या. ताटासाठी मधल्या आकाराचा चवीलाही चांगला.

निवतीकडच्या खडपांवर हिशेब पुन्हा बदलला. तिथे गोबरा आणि तांबोशी लागली की पहिल्या तीन सेकंदांत कपारीकडे पळतात, आणि कालवांच्या कडा फ्लुरोकार्बनही सोलून काढतात. महागडा लीडर वाया घालवण्यापेक्षा ६० ते ८० पौंडाची जाड तंगूस दोन मीटर लावा, प्रत्येक माशानंतर बोटांतून फिरवून बघा, खरखर लागली की तेवढी कापून टाका. कापलेला तुकडा खिशात घाला. त्या खडपांवर तंगुसाची जेवढी जाळी अडकलेली दिसली, तिने जीव जळतो. पाणकावळ्यांच्या पायांना ती गुंडाळली जाते, आणि नायलॉन वर्षानुवर्षं तशीच राहते.

सुरमईला तारेशिवाय पर्याय नाही. ०.३६ ते ०.४१ मिलिमीटरची एकेरी स्टीलची तार, पंधरा-वीस सेंटिमीटरच, कारण जास्त लांब तार दिसते आणि लुअरची चाल बिघडवते. तारेला गाठ बसत नाही, पीळ द्यावा लागतो. दोन्ही पदर एकमेकांवर सारखेच फिरतील असे चार पीळ, मग एका पदराचे काटकोनात पाच-सहा घट्ट वेढे. उरलेलं टोक पक्कडीने कापू नका, पुढे-मागे वाकवत मोडा. कापलेल्या टोकाची सुई राहते आणि बोट फाडते. वरच्या बाजूला छोटा स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, त्यावर लीडर.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरच्या मालकीणबाईंनी न सांगता गोड्या पाण्याची बादली अंगणात आणून ठेवली होती. असा पाहुणचार कुठल्या हॉटेलात मिळत नाही. रीळ बादलीत बुडवू नका, जोराच्या धारेखालीही धरू नका, मीठ आत ढकललं जातं. ड्रॅग आवळून हलक्या धारेखाली धुवा, पुसा, मग ड्रॅग सैल करून ठेवा. वापरलेले लुअर कोरडे होईपर्यंत बॉक्समध्ये परत टाकू नयेत, एक खारा गळ शेजारच्या दहांना गंजवतो. ब्रेडचे पुढचे दोन-तीन मीटर कापून टाकायचे आणि एफजी दुसऱ्या दिवसासाठी रात्रीच, पंख्याखाली बसून, नव्याने बांधून ठेवायची.