वायोमिंगमध्ये खेचरकानी हरणांच्या वाटेवर

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीहून वायोमिंग राज्यातल्या पाइनडेल गावाला जायला चार-सव्वाचार तास पुरतात, आम्हाला साडेसहा लागले, कारण मी हट्टाने वाकडी वाट करून नगेट कॅन्यनमधून गाडी घ्यायला लावली. केमररच्या पश्चिमेला हायवे 30 चा हा तुकडा आहे, आणि थंडी पडली की हजारो हरणांना हा रस्ता ओलांडावाच लागतो. पूर्वी इथे दर हिवाळ्यात गाड्यांखाली हरणं मरायची. मग 2001 मध्ये रस्त्याखालून एक बोगदा केला, 2008 पर्यंत आणखी सहा, दोन्ही बाजूंनी उंच जाळी, आणि धडका जवळपास 80 टक्क्यांनी कमी झाल्या. आम्ही गाडी बाजूला घेऊन उतरलो. बोगद्याच्या तोंडाशी बारीक धूळ होती आणि त्या धुळीत खुरांचे ठसे, एकावर एक, इतके की जमीन खणल्यासारखी दिसत होती. मी बराच वेळ नुसती बघत उभी राहिले.

ही हरणं म्हणजे म्यूल डिअर. कान खेचरासारखे लांब आणि सारखे हलणारे, शेपटीचं टोक काळं, आणि बिचकलं की हे हरीण पळत नाही, चारही पाय एकदम उचलून स्प्रिंगसारखं उड्या मारत जातं. मी चंद्रपूरची, चितळ-सांबर बघत मोठी झालेली, त्यामुळे मला वाटलेलं हरीण ते हरीण, पण सेजब्रशच्या राखाडी झुडपांतून ती उडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तोंडातून शब्दच फुटला नाही.

केमररनंतर ला बार्ज, बिग पायनी असं वर जाताना रस्त्याला पिकअप गाड्याच गाड्या, मागे सामान, आणि भडक केशरी टोप्या घातलेली माणसं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हणजे शिकारीचा सीझन. खरं सांगते, माझ्या पोटात कालवलं. आपल्याकडे शिकार म्हणजे गुन्हा, एवढंच डोक्यात बसलेलं असतं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला लायसन्सवर काही प्राण्यांची शिकार चालायची, 1991 च्या दुरुस्तीनंतर ती जवळजवळ सगळीच बंद झाली, आणि माझ्या पिढीने तर शिकार फक्त बातम्यांत वाचली, ती पण पकडलेल्या माणसांची. आणि इथे हरणं कमी होतायत म्हणून सगळे ओरडतायत आणि तरी लोक बंदुका घेऊन निघालेत, हे मला काही केल्या जुळेना.

पुढे एका ठिकाणी वनखात्याचं, म्हणजे इथल्या गेम अँड फिश डिपार्टमेंटचं चेक स्टेशन होतं. हरीण मारून नेणाऱ्याला इथे थांबावंच लागतं. आम्हीही विचारून थांबलो. एका पिकअपच्या मागे नर हरीण, आणि लाल शर्टातली एक तरुण मुलगी (इथल्या वॉर्डनांचा, म्हणजे वन्यजीव रक्षकांचा, शर्ट लालच असतो) अगदी शांतपणे त्याच्या जबड्याखाली सुरी घालून घशातल्या दोन लिम्फच्या गाठी काढत होती. शेंगदाण्यापेक्षा मोठ्या, फिकट गुलाबी. एका छोट्या डबीत टाकल्या, वर नंबर लिहिला. मग दात बघून वय लिहिलं. त्या गाठी क्रॉनिक वेस्टिंग डिसीजच्या तपासणीसाठी. या रोगात हरणाच्या मेंदूची स्पंजासारखी चाळण होते, हरीण वाळत जातं आणि मरतं, त्याला औषध नाही, लस नाही. 1967 मध्ये कोलोराडोत फोर्ट कॉलिन्सला पाळलेल्या म्यूल डिअरमध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला आणि आता किती तरी राज्यांत पसरलाय. माणसाला झाल्याचं अजून आढळलेलं नाही, तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर मांस खाऊ नका असंच सांगतात. तिने हे सगळं इतक्या आपुलकीने समजावलं की मी घरी आल्यावरही तिच्याबद्दलच बोलत होते.

राहायला आम्ही पाइनडेलच्या बाहेर एका आजोबांच्या केबिनमध्ये होतो. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर शिकार केलेले. रात्री शेगडीपाशी बसून त्यांनी नियमांचं जाड पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले वाच. 1 जानेवारी 1966 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सेफ्टीचा कोर्स केल्याशिवाय लायसन्स नाही. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, एवढ्या वेळेतच गोळी. रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे मारायची नाही. हरीण पडलं की जागा सोडायच्या आधी लायसन्सचं कूपन फाडून, तारीख घालून, सही करून त्याला बांधायचं. खाण्याजोगं मांस टाकून दिलं तर तो गुन्हा. आणि या भागातल्या शिकारीच्या बऱ्याच युनिटमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या विभागांत, फक्त असा नर मारायचा ज्याच्या एका शिंगाला निदान तीन टोकं आहेत.

मी विचारलं, मग मारूच नका ना, बंद करा काही वर्षं. ते चिडले नाहीत. म्हणाले, एक नर कितीतरी माद्यांना पुरतो, त्यामुळे थोडे नर कमी झाले म्हणून पाडसं कमी होत नाहीत, कळप माद्यांवर टिकतो, म्हणून माद्यांची लायसन्सं आधी कापतात. आणि तीन टोकांच्या नियमाने कोवळे नर वाचतात खरे, पण त्याने एकूण हरणं वाढत नाहीत, हे त्यांचं ठाम मत होतं. वर त्यांनी हेही सांगितलं की बंदुका आणि गोळ्यांवर केंद्राचा वेगळा कर आहे, रायफलवर 11 टक्के, आणि 1937 च्या कायद्यापासून तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. त्या लाल शर्टवाल्या मुलीच्या डबीत कुठेतरी त्यांच्या गोळ्यांचे पैसे होते. हे मला पचायला वेळ लागला, अजूनही पूर्ण पचलंय असं नाही, पण चोरटी शिकार आणि ही शिकार एकाच तागडीत टाकणं मी त्या रात्रीपासून सोडलं.

मग त्यांनी 2022-23 च्या हिवाळ्याचं काढलं, आणि आवाजच बदलला त्यांचा. बर्फ लवकर आला, खोल आला, वर कडक पापुद्रा धरला, आणि एप्रिल आला तरी हटेना. हरीण हिवाळ्यात उन्हाळ्यातल्या चरबीवर जगतं, झुडपांची टोकं कुरतडून नुसतं तग धरतं. वायोमिंग रेंज या डोंगररांगेतल्या कळपात युनिव्हर्सिटीच्या लोकांनी रेडिओ कॉलर लावलेल्या पाडसांपैकी त्या वर्षी एकही वाचलं नाही. एकही नाही. मोठ्या माद्यांमध्ये सुद्धा दहातल्या सातेक गेल्या. अंदाजे तीस हजारांचा कळप अकरा हजारांच्या आसपास आला. आजोबा म्हणाले, माझ्या कुंपणापाशी सकाळी हरणं बसलेली दिसायची आणि दुपारी कळायचं ती बसलेली नाहीत. त्यानंतर सीझन छोटे झाले, लायसन्सं कापली गेली, आणि आजोबा तेव्हापासून लायसन्स घेतात, डोंगरात जातात, पण रायफल घरी ठेवतात.

पण एका हिवाळ्याची गोष्ट असती तर कळप परत उभा राहिला असता, त्यांना जुळी पाडसं होतात. खरा घोळ हा की हिवाळ्याची जागाच आकसत चाललीय. पाइनडेलच्या दक्षिणेला गॅसच्या विहिरी झाल्या, आणि तिथे हिवाळा काढणारी हरणं पंधरा वर्षांत एक तृतीयांशाहून जास्त घटली, कारण ती विहिरींजवळ चरायचं टाळतात, लांबून जातात. मग दुष्काळ, जळलेलं सेजब्रश, त्या जागी आलेलं चीटग्रास नावाचं उपरं गवत, कुंपणं, रस्ते. लायसन्स हा एक नळ आहे जो सरकारला हाताने फिरवता येतो म्हणून सगळे त्यावरूनच भांडतात. मी पण तेच करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा आम्हाला फ्रिमाँट लेकच्या दक्षिण टोकाला घेऊन गेले. दक्षिणेकडच्या रेड डेझर्टमधून हरणं वसंतात निघतात आणि उत्तरेला होबॅक खोऱ्यापर्यंत 150 मैल, म्हणजे 240 किलोमीटर चालतात, कोवळ्या गवताच्या मागे मागे, आणि शरदात परत. विदर्भातले मेंढपाळ जसे कळप घेऊन गावोगाव फिरतात तसंच, फक्त इथे मेंढपाळ नाही, आई पाडसाला वाट दाखवते. आणि त्या सगळ्या वाटेत इथे एका बाजूला गाव, एका बाजूला तळं, मधे जेमतेम पाव मैलाची पट्टी. चार-पाच हजार हरणं त्यातूनच जातात. ही 364 एकर जमीन विकली जाऊन तिथे घरं उभी राहिली असती, पण ती विकत घेऊन राज्याच्या ताब्यात दिली म्हणून वाट उघडी आहे. तिथे उभं राहिलं की काही विशेष दिसत नाही, झुडपं, एक पायवाट, अ‍ॅस्पेनची पिवळी पानं.

पायवाटेत मला गळालेलं शिंग सापडलं. उन्हाने पांढरं पडलेलं, मुळाशी खरखरीत, टोकाला उंदरांनी कुरतडल्याच्या बारीक रेघा. मी आजोबांकडे पाहिलं, ऑक्टोबर आहे, घे, म्हणाले. इथे 1 जानेवारी ते 1 मे शिंगं उचलायला बंदी आहे, बाहेरच्या राज्यातल्यांना तर आणखी एक आठवडा थांबावं लागतं, कारण शिंगांसाठी माणसं मोटरसायकली घेऊन हिवाळी रानात घुसतात आणि उपाशी हरणं उरलीसुरली ताकद पळण्यात घालवतात. मी ते शिंग परत ठेवलं. उंदरांना हवं होतं.

मुख्य कळप यायला अजून अवकाश होता, पण संध्याकाळी तळ्याच्या कडेने एक मादी आली, मागे दोन पाडसं, तिघंही जाडजूड, पाठ सपाट भरलेली. कान आमच्याकडे वळवून ती उभी राहिली. आजोबांनी खिशातून वही काढली, पेन्सिलीने तारीख घातली आणि लिहिलं, मादी एक, पाडसं दोन, आणि मग त्या दोनखाली रेघ ओढली.