मेंढपाळाची साक्ष

टी.वाय.ला सोफोक्लीजचं ‘ईडिपस राजा’ हे ग्रीक नाटक शिकवताना दरवर्षी तोच प्रश्न येतो: नकळत बापाला मारून आईशी लग्न करणारा ईडिपस नशिबाने बुडाला की स्वतःच्या करणीने? गाइडमधलं उत्तरही ठरलेलं, ‘दोन्हींमुळे’. त्यावर मार्क मिळतात, डोकं मात्र चालवावं लागत नाही. म्हणून यंदा वर्गात खटलाच भरवला.

फिर्यादी पक्षाने तिठ्यावरचा खून धरला: ईडिपसने भांडणात एका अनोळखी म्हाताऱ्याला मारलं, तो त्याचा बापच निघाला. ‘बापाला मारशील’ हे अपोलो देवाचं भाकीत डेल्फीच्या देवळात ऐकून आलेल्याने बापाच्या वयाच्या माणसावर हात उचलावाच कशाला? बचाव पक्षाची मुलगी पुढचं नाटकही वाचून आली होती (हे वर्गात सहसा घडत नाही). त्या ‘ईडिपस कोलोनसमध्ये’ नाटकात म्हातारा ईडिपस सांगतो, मला मारायला उठलेल्याला मी मारलं, बाप आहे हे ठाऊक नव्हतं.

मग मेंढपाळाची साक्ष. मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा मुलगा उभा राहिला. ‘हा ईडिपस तान्हा असताना याला डोंगरावर टाकून ये असा हुकूम होता. कीव आली, म्हणून कॉरिन्थच्या माणसाला दिलं. टाकलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. मग आरोपी मी का नाही?’ वकील गप्प. नशीब आणि स्वभाव या वाटणीत ही कीव कुठे बसवायची? परीक्षेच्या प्रश्नात तर तिला जागाच नाही.

मी मध्ये पडले. म्हटलं, पडदा उघडतो तेव्हा खून आणि लग्न होऊन वर्षं लोटलीत. डेल्फीचं भाकीत केव्हाच खरं झालंय. त्या दिवशी ईडिपस आधीच्या राजाचा, म्हणजे त्याच म्हाताऱ्याचा, खुनी शोधत असतो. आंधळा द्रष्टा टायरेसियस म्हणतो, मला घरी जाऊ दे. योकास्टा, त्याची बायको आणि आईही, विनवते, शोध थांबव. तरी हा विचारतच राहतो. पुढे डोळे फोडून घेतल्यावर म्हणतो, हे अपोलोने घडवलं, पण वार करणारा हात माझाच. माझ्या मते पाप त्याच्या कपाळी लिहिलेलं होतं, ते उकरून काढणं नव्हतं.

‘मग कर्ण, मॅडम?’ झालं, वर्ग पेटला. चाक रुतलं ते ब्राह्मणाच्या शापाने, असं एकजण म्हणाला. बचाववाली उसळली, ‘कृष्णाने युद्धाआधीच जन्म सांगितला होता ना? तरी रथ कौरवांकडे कोणी ठेवला?’

तास संपला. न्यायाधीशबाईंनी घाईघाईत निकाल दिला: खुनातून निर्दोष, साक्षीदार मेंढपाळ बोलेना म्हणून त्या म्हाताऱ्याचे हात पिरगाळायला लावले, त्याबद्दल दोषी.